फियाट ११०० एंजिन

फियाट ११०० एंजिन : इटलीतील तूरिन येथील फियाट कंपनीने १९३७ मध्ये प्रचारात आणलेले चार सिलिंडरांचे लहान पेट्रोल एंजिन. मुंबईत कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने १९५४ पासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत या एंजिनावर चालणाऱ्या मोटारगाड्या बनविल्या. प्रथम ‘फियाट’ व १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावांनी त्या ओळखल्या गेल्या. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी, असे समीकरण दोन-तीन पिढ्यांच्या मनात रुजले. मूळ आराखड्यात फारसा बदल न होता साठ वर्षांहून अधिक काळ उत्पादनात राहिलेली मोटारगाडीची एंजिने जगात थोडीच आहेत. हे एंजिन भरवशाचे म्हणून नावाजले गेले. मात्र ते बंद पडत नसे, असा याचा अर्थ नव्हे. ते वारंवार बंद पडे. पण ठरावीक कारणांनी पडे आणि ती कारणे बहुधा रस्त्याच्या कडेला, मोजक्या हत्यारांनी दूर करता येत. न बिघडणे व बिघडले तरी दुरुस्त होणे या दोन वेगवेगळ्या गुणांपैकी दुसराच या एंजिनाच्या ठायी प्रकर्षाने होता.

उगम : फियाटची १९३२ मधील ‘५०८ बालिला’ ही गाडी ९९५ घ. सेंमी. क्षमतेच्या व झडपा सिलिंडरांच्या बाजूला असलेल्या साध्या एंजिनावर चाले. तिची जागा घेणाऱ्या ‘५०८ सी’ या गाडीचा आराखडा दान्ते जाकोझा (१९०५–९६) या अभियंत्याच्या देखरेखीखाली तयार झाला. तीसाठी झडपा सिलिंडरांच्या डोक्यावर असलेले १,०८९ घ. सेंमी. क्षमतेचे नवे एंजिन योजण्यात आले. मिनिटाला ४,००० फेऱ्यांना ते ३२ अश्वशक्ती देई. त्या काळी एवढ्या लहान कौटुंबिक गाडीच्या मानाने ही शक्ती चांगलीच होती. फ्रान्समधील सिम्का कंपनीनेही हेच एंजिन आपल्या ‘सिम्का ८’ या गाडीत वापरले.

या एंजिनाच्या अंगी असलेली ताकद शर्यतींच्या क्षेत्रात लवकरच दिसून आली. एन्झो फेरारी यांनी १९४० मध्ये बांधलेल्या ‘८१५’ या आठ सिलिंडरांच्या शर्यतीच्या गाडीसाठी ५०८ सी च्या एंजिनाचे भाग आधाराला घेतले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर चिसितालिया कंपनीने शर्यतीच्या व प्रवासी अशा दोन्ही गाड्यांत हे एंजिन सुधारून बसविले. त्यांपैकी ‘२०२’ ही गाडी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९५१ च्या प्रदर्शनात मांडली. मुंबईच्या वाहतुकीत तासन् तास कण्हत उभ्या राहणाऱ्या टॅक्सीच्या एंजिनाचे हे आप्त होत, हे आज सांगूनही खरे वाटणार नाही.

फियाटने १९५३ मध्ये जिनीव्हा येथील प्रदर्शनात ‘११००/१०३’ ही नवी गाडी मांडली. हिचा सांगाडा व वरची पेटी एकसंध होती; एंजिन मात्र जुनेच, ३६ अश्वशक्तीपर्यंत वाढविलेले होते. पुढे इटलीत सिलिंडराचा व्यास ७२ मिमी. करून १,२२१ घ. सेंमी. क्षमतेचा प्रकारही निघाला. इटलीतील ११०० मालिका १९६९ मध्ये थांबली व तिची जागा ‘फियाट १२८’ ने घेतली. या गाडीच्या एंजिनाचा कॅम दंड वर होता, भुजा दंडाला पाच धारवे होते आणि रेडिएटरचा पंखा विजेवर चाले. या तीन गोष्टी येथे मुद्दाम नोंदविल्या आहेत. कारण पुढे सांगितलेल्या दोषांपैकी काहींवर मूळ निर्मात्याने शोधलेला उपाय त्यांत दिसतो.

रचना व मापे : सिलिंडराचा व्यास ६८ मिमी. व पिस्टनची धाव ७५ मिमी.; यावरून चार सिलिंडरांची एकूण क्षमता १,०८९ घ. सेंमी. येते. धाव व्यासापेक्षा लांब असल्यामुळे एंजिन मंद गतीला चांगले ओढते. गर्दीच्या शहरात व चढणीवर हा गुण मोलाचा ठरतो. सिलिंडरांचा ठोकळा बिडाचा व त्यावरचे शीर्ष, म्हणजे गॅरेजमधील भाषेत ‘हेड’, ॲल्युमिनियमाचे असते. कॅम दंड ठोकळ्यात एका बाजूस असून तो साखळीने फिरतो. त्याची हालचाल उभ्या दांड्यांनी व दोलकांनी झडपांपर्यंत पोहोचते. भुजा दंड तीन धारव्यांवर टेकलेला असतो. दोन-दोन सिलिंडरांमागे एकच आधार असल्याने जास्त वेगाला दंड किंचित वाकतो व कंप वाढतो. टॅक्सीच्या नेहमीच्या वेगाला त्याचा त्रास जाणवत नाही.

पेट्रोल टाकीतून ओढण्यासाठी ठोकळ्याच्या कुशीला एक लहान यांत्रिक पंप असतो. कॅम दंडाच्या धक्क्याने त्यातील रबरी पडदा वर-खाली होतो व पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जाते. प्रज्वलनासाठी बॅटरी, कॉइल व वितरक यांची जुनी पद्धत असून वितरकातील दोन संपर्कबिंदू, म्हणजेच ‘पॉइंट’, प्रत्येक ठिणगीच्या वेळी उघडतात. शीतनासाठी पाणी खेळविणारा पंप व रेडिएटरमागील पंखा हे दोन्ही भुजा दंडावरून पट्ट्याने फिरतात.

मूळ एंजिनाचे संपीडन गुणोत्तर ६ होते. पद्मिनीच्या एंजिनात ते सातापेक्षा थोडे अधिक होते. भारतात मिळणाऱ्या कमी ऑक्टेनच्या पेट्रोलला हे मानवे. पद्मिनीची शक्ती मिनिटाला ४,८०० फेऱ्यांना सु. ४० अश्वशक्ती होती व तिच्यावर सु. ९०० किग्रॅ. वजनाची गाडी, त्यात प्रवासी व छतावरचे सामान, एवढा भार ओढण्याची जबाबदारी होती. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० च्या एंजिनातील सिलिंडरांची मापे याच्याशी जवळजवळ जुळतात (व्यास ६८·५ मिमी., धाव ७२ मिमी.). त्यात सिलिंडर मात्र तीनच असून शक्ती जवळपास तेवढीच मिळे, आणि गाडीचे वजनही पुष्कळच कमी होते. दोन आराखड्यांमधील सुमारे चार दशकांचे अंतर या एका तुलनेत सामावलेले आहे.

भारतातील उत्पादन : वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये क्रायस्लर या अमेरिकन कंपनीच्या सहकार्याने जुळणी केलेली वाहने बाहेर पडू लागली. नंतर फियाटशी करार होऊन प्रथम ‘फियाट ५००’ व १९५४ मध्ये ‘११००’ या गाड्या आल्या. दरम्यान १९५३ च्या जकात आयोगाच्या शिफारशीनुसार ज्यांच्यापाशी देशात सुटे भाग बनविण्याचा कार्यक्रम आहे अशाच कारखान्यांना वाव देण्याचे धोरण सरकारने स्वीकारले. जनरल मोटर्स व फोर्ड यांनी येथील जुळणी थांबविली. हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर, प्रीमियरची फियाट व मद्रासची स्टँडर्ड एवढ्याच गाड्यांत भारतीय ग्राहकाला पुढील तीस वर्षे निवड करावी लागली.

कुर्ल्याच्या गाडीचे बाह्यरूप इटलीतील ‘११०० डी’ प्रमाणे १९६४ मध्ये बदलले. पण इटलीतील त्या गाडीचे १,२२१ घ. सेंमी. क्षमतेचे एंजिन येथे आले नाही, १,०८९ घ. सेंमी. चेच राहिले. फियाटशी असलेल्या कराराचा काळ १९७२ च्या सुमारास संपल्यावर गाडीचे नाव प्रथम ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ व १९७४ मध्ये चितोडच्या राणीवरून ‘पद्मिनी’ असे झाले. परकीय चलनाची टंचाई, परवान्यांनी बांधलेले उत्पादन आणि गाडीसाठी काही वर्षे वाट पाहणारे ग्राहक अशा परिस्थितीत आराखडा बदलण्याची निकड कंपनीला भासली नाही, यात आश्चर्य नाही. जे काही बनेल ते विकले जाणारच होते. पाच धारव्यांचा भुजा दंड किंवा विजेवरचा पंखा बसविण्याचा खर्च करावयास लावील असा प्रतिस्पर्धी बाजारात नव्हता. त्याचा भुर्दंड गाडीच्या मालकाला, आणि त्याहीपेक्षा रोजच्या फेऱ्यांवर पोट असणाऱ्या टॅक्सीचालकाला पडला. गाडी गॅरेजमध्ये गेलेला दिवस म्हणजे त्याची बुडालेली कमाई होती.

या स्थैर्याची दुसरी बाजूही आहे. एकच एंजिन इतकी वर्षे चालू राहिल्याने त्याचे सुटे भाग गावोगाव मिळू लागले, नव्या गाडीचा भाग जुन्या गाडीला बसू लागला आणि कोणत्याही छापील पुस्तिकेवाचून ते पूर्ण उकलून पुन्हा जोडणारे कारागीर तयार झाले. कुर्ल्यातच जुन्या सुट्या भागांचा मोठा बाजार उभा राहिला. सिलिंडर झिजले तर ते कातून मोठ्या मापाचे पिस्टन घालावयाचे, पुन्हा झिजले तर आत नवे अस्तर ठोकावयाचे, अशा रीतीने एकाच ठोकळ्याला अनेक जन्म मिळत.

दोष व त्यांची कारणे : या एंजिनाचा सर्वांत महाग पडणारा दोष म्हणजे अतितापन व त्यातून होणारी हेड गॅस्केटची हानी. पंखा भुजा दंडावर चालत असल्याने गाडी सिग्नलला उभी असताना, म्हणजे समोरून वारा मुळीच नसताना, तो सर्वांत मंद फिरतो. रेडिएटरमध्ये क्षारांचा थर साचलेला असेल, पट्टा सैल असेल किंवा पाण्याचा पंप गळत असेल तर मुंबईतील मे महिन्याच्या दुपारी पाणी उकळू लागते. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे बोल्टांनी जखडलेले हेड किंचित वाकते, त्याच्या व ठोकळ्याच्या मधले गॅस्केट दोन सिलिंडरांमधील अरुंद जागी जळते आणि दाब एका सिलिंडरातून दुसऱ्यात किंवा पाण्याच्या वाटेत शिरतो. रेडिएटरमध्ये बुडबुडे, धुराड्यातून पांढरी वाफ आणि दुधाळ झालेले वंगण तेल ही त्याची लक्षणे होत.

यावर गॅरेजमध्ये हेड काढून त्याचे ‘फेसिंग’, म्हणजे तळ घासून सपाट करणे, हा उपाय सर्रास केला जाई. एकदोन वेळा तो योग्यच आहे. परंतु प्रत्येक वेळी हेडची उंची कमी होते, ज्वलनकक्ष लहान होतो व संपीडन गुणोत्तर वाढते. कमी ऑक्टेनच्या पेट्रोलावर असे एंजिन ठोके देऊ लागते आणि ठोक्यांनी पुन्हा उष्णताच वाढते. एका दुरुस्तीतून पुढील बिघाडाची पेरणी होते. अतितापन टाळण्यासाठी अनेक चालक शीतनमार्गातील थर्मोस्टॅट काढूनच टाकीत. याने उन्हाळ्यात थोडा दिलासा मिळे, पण एंजिन सकाळी बराच वेळ थंड राही. न जळलेले पेट्रोल सिलिंडरांच्या भिंतींवरून तेलात उतरे आणि झीज वाढे. ही झीज डोळ्यांना दिसत नसल्यामुळे तिचे कारण क्वचितच ओळखले जाई.

उन्हाळ्यातील दुसरी तक्रार बाष्परोधाची. पेट्रोलचा पंप तापलेल्या ठोकळ्याला चिकटून असतो. एंजिन फार तापले की पंपात व नळीत पेट्रोलची वाफ होते. पंपाचा पडदा हलत राहतो, पण तो वाफच दाबतो व सोडतो, पेट्रोल पुढे जात नाही. घाटाच्या चढणीवर, विशेषतः माथ्याजवळ गाडी क्षणभर थांबवून पुन्हा सुरू करताना हे हमखास घडे. खंडाळा व कसारा या घाटांत बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या हे एके काळी नित्याचे दृश्य होते. पंपावर ओले फडके गुंडाळणे हा त्यावरील सर्वश्रुत इलाज शास्त्राला धरूनच आहे. पाण्याचे बाष्पीभवन होताना ते पंपाची उष्णता शोषून घेते व वाफेचे पुन्हा पेट्रोल होते. मात्र पंपाचा पडदा जुना होऊन चिरला असेल तर लक्षणे हुबेहूब तीच दिसतात. अशा गाडीवर दिवसभर ओली फडकी घालूनही उपयोग होत नाही.

पावसाळ्यात दोषाचे ठिकाण बदलते. रस्त्यावर साचलेले पाणी पंखा एंजिनभर उडवितो, वितरकाच्या टोपणात ओल धरते आणि ठिणगी प्लगपर्यंत न जाता वाटेतच जमिनीला मिळते. टोपण काढून कोरड्या फडक्याने पुसले की गाडी सुरू होते. एरवीही पॉइंटमधील सु. ०·४ ते ०·५ मिमी. फट झिजेने कमी-अधिक होते, ठिणगीची वेळ सरकते व गाडी ओढेनाशी होते. कंडेन्सर निकामी झाला तर पॉइंट काही दिवसांतच जळतात. पॉइंट, कंडेन्सर व प्लग यांचा एक जोड गाडीत बाळगण्याची शिस्त जुन्या चालकांत होती. तिचे कारण हेच. डायनॅमो मंद गतीला पुरेशी वीज देत नसल्याने पावसाळी रात्री, दिवे व काच पुसणारे पाते चालू असताना रखडत चाललेल्या गाडीची बॅटरी उतरे आणि सकाळी तिला चार माणसांनी ढकलावे लागे. डायनॅमोऐवजी आल्टरनेटर बसविला की ही तक्रार उरत नाही.

कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडकणे, त्यातील झडपेचा दांडा झिजून बाजूने हवा शिरणे, दोलक व झडप यांमधील फट बिघडून ‘टॅपेट’ वाजणे, साखळी सैल पडून खुळखुळणे हे बिघाड किरकोळ होत. ज्याला बिघाड म्हणण्यापेक्षा विषप्रयोग म्हणणे अधिक योग्य होईल, असा प्रकार म्हणजे पेट्रोलमधील रॉकेलची भेसळ. रेशनवरचे रॉकेल आणि पेट्रोल यांच्या किंमतींतील तफावत हे तिचे मूळ होय. रॉकेलची वाफ सहजी होत नाही. ते सिलिंडराच्या भिंतीवरील तेलाचा पातळ थर धुऊन काढते, खाली झिरपून तेल पातळ करते, आणि ऑक्टेन कमी असल्याने ठोक्यांना निमंत्रण देते. तेल पातळ झाले की भुजा दंडाच्या धारव्यांवरील दाब घसरतो व खालून घणघण ऐकू येऊ लागते. मग एंजिन उतरविण्याला पर्याय राहत नाही. कमी संपीडन गुणोत्तरामुळे हे एंजिन भेसळीचे पेट्रोल पचवून चालत राही, म्हणूनच भेसळ लवकर उघडकीस येत नसे. नावाजलेल्या सोशिकपणाची ही किंमत म्हणावी लागेल.

सुट्या भागांच्या दर्जाचाही येथे विचार केला पाहिजे. मूळ भागांसारखे दिसणारे स्वस्त भाग मुबलक होते. निकृष्ट गॅस्केट, कच्च्या पोलादाच्या पिस्टन-कड्या व लवकर कडक होणारे रबरी पडदे यांमुळे नीट केलेले कामही काही महिन्यांत पुन्हा निघे. त्याचा दोष एंजिनाच्या माथी मारला जाई. वास्तविक तो आराखड्याचा नव्हता.

उत्तरकाल : मारुतीच्या आगमनानंतर खाजगी ग्राहक पद्मिनीपासून दुरावला. प्रीमियरने १९८५ मध्ये निस्सान एंजिनाची ‘११८ एनई’ ही गाडी काढली, तरी टॅक्सीसाठी पद्मिनीची मागणी टिकून होती. पुढे डीझेल एंजिनाची पद्मिनीही निघाली. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयाच्या प्रदूषणविषयक आदेशांनंतर जुन्या टॅक्सी संपीडित नैसर्गिक वायूवर, म्हणजे सीएनजीवर, नेण्यात आल्या. वायू सिलिंडरात अधिक जागा व्यापत असल्याने तेवढी हवा कमी जाते आणि शक्ती घटते. ४० अश्वशक्तीच्या गाडीत ही घट चटकन जाणवे. वायूचे ऑक्टेन मूल्य बरेच उच्च असल्याने ठोके मात्र थांबले, आणि तो तेलात मिसळत नसल्याने भिंती धुऊन निघण्याचा व तेल पातळ होण्याचा प्रश्नही मिटला. उलट तो कोरडा असल्यामुळे झडपांच्या बैठका अधिक झिजू लागल्या व टॅपेटची फट वरचेवर तपासावी लागू लागली.

राज्य शासनाने मुंबईतील टॅक्सीचे आयुष्य २०१३ मध्ये वीस वर्षांवर आणले. पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी ताडदेव येथील परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. त्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ही टॅक्सी शहराच्या रस्त्यांवरून गेली. हौशी मालकांकडील खाजगी गाड्या अजून चालू आहेत व त्यांच्यापुढे आता नवाच प्रश्न आहे. २०२३ पासून विक्रीस येऊ लागलेल्या, २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने पंपाचा जुन्या प्रकारचा रबरी पडदा व नळ्या फुगतात व कमकुवत होतात. इथेनॉल टाकीतील गंज सुटा करून कार्ब्युरेटरपर्यंत आणते, आणि त्याच्यातील ऑक्सिजनमुळे मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण कमी पडून एंजिन अधिक तापते. इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे पडदे व नळ्या बसविणे, कार्ब्युरेटरमधील जेट किंचित मोठे घेणे आणि गाडी फार दिवस उभी ठेवावयाची असल्यास टाकीतील पेट्रोल काढून टाकणे, हे त्यावरील उपाय होत.